एवढे वाचायचे कुणी?

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा सोबत एक सूचना होती: आठवणी पुष्कळ जमल्या आहेत, आता कुणीतरी आपापल्या विषयातले लिहा. माझा विषय सॉफ्टवेअर. त्यावर लिहिले तर निम्मा वर्ग पान उलटेल, आणि उरलेला निम्मा त्याच धंद्यात असल्यामुळे चुका काढत बसेल. म्हणून शेजारच्या घराबद्दल लिहिते. जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि संशोधक आपल्या विषयात नवे काय चालले आहे याचा माग कसा ठेवत आले, त्याचा हा इतिहास. आमच्या धंद्याची बरीच मुळे त्याच घराच्या परसात आहेत, हे मला गेल्या दोन वर्षांत कळले.

निमित्त आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचे. नाव छापायचे नाही अशी तिची अट आहे, पण 'ब' तुकडीतल्यांना ओळखायला वेळ लागणार नाही. ती एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिचे एम.एस्सी.चे विद्यार्थी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांवर आणि कीटकनाशकांना ते कसे दाद देत नाहीत यावर छोटे छोटे प्रकल्प करतात. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? आमच्या मुलांना नवीन पेपर आपोआप कळतील असं काहीतरी करून दे." मी एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला. दर सोमवारी तो पबमेड या मोठ्या सूचीला ठरावीक शब्दांवर प्रश्न विचारतो आणि आलेली नावे, सारांशांसकट, मुलांना ईमेलने पाठवतो. आठवड्याला पन्नास-साठ नावे येऊ लागली. महिनाभराने तिचा पुन्हा फोन. "छान चाललंय तुझं यंत्र. पण एवढं वाचायचं कुणी?"

हा प्रश्न किती जुना आहे ते बघावे म्हणून मी शोधायला बसले. तो नियतकालिकांच्या जन्माइतकाच जुना निघाला.

१६६५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे साव्हाँ' निघाले आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, लंडनला रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले. ही जगातली पहिली दोन विज्ञान-नियतकालिके, असे सर्वत्र छापलेले असते. गंमत अशी, की पॅरिसच्या अंकात मोठा भाग होता तो नव्या पुस्तकांच्या परिचयाचा. कुठे काय छापून आले आणि त्यात काय आहे, हे थोडक्यात सांगणारा. म्हणजे 'मी वाचून तुम्हाला सांगतो' हे काम नियतकालिकाने पहिल्या दिवसापासून अंगावर घेतले होते. लंडनला ओल्डेनबर्ग युरोपभर पत्रव्यवहार करून बातम्या गोळा करत. परदेशांशी एवढी पत्रे कशाला, असा संशय येऊन १६६७ मध्ये त्यांना काही आठवडे टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेतही ठेवले होते. विज्ञानात अद्ययावत राहण्यासाठी तुरुंगात गेलेला बहुधा हा पहिलाच माणूस.

पुढची दोनशे वर्षे मी भरभर ओलांडते, कारण आपल्या ओळखीचा माणूस तिकडे उभा आहे.

दहावीत की अकरावी-बारावीत, कुठेतरी आपण सगळ्यांनी वाटाण्याचे ते ३:१ पाठ केले. मेंडेलने ७३२४ बिया मोजल्या, त्यांत ५४७४ गोल निघाल्या आणि १८५० सुरकुतलेल्या. ब्रुन या गावच्या निसर्ग-अभ्यास मंडळात त्याने १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन व्याख्याने दिली, १८६६ मध्ये ती मंडळाच्या वार्षिकात छापली गेली, आणि मग १९०० पर्यंत कुणाला पत्ता नाही. १९०० मध्ये द व्हरीस, कोरेन्स आणि चेर्माक यांच्या लेखांतून ते पुन्हा वर आले. आपल्या मनावर ठसलेले चित्र असे, की एका खेड्यातल्या मठात, कुणी न वाचणाऱ्या चोपड्यात तो निबंध गाडला गेला होता.

ते तितकेसे खरे नाही. ब्रुन खेडे नव्हते, चांगले गिरणगाव होते. ते वार्षिक युरोपातल्या शंभराहून अधिक ग्रंथालयांत आणि संस्थांत जात असे. मेंडेलने स्वतःच्या निबंधाच्या ४० सुट्या प्रती मागवून घेतल्या होत्या. म्युनिकच्या नेगेली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याचा अनेक वर्षे पत्रव्यवहार चालला. १८८१ मध्ये फोके नावाच्या जर्मन अभ्यासकाने वनस्पतींच्या संकरांवर जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात मेंडेलचा उल्लेख आहे. कागद पोचला होता. तो वाचून 'अरे, हे तर माझ्याच प्रश्नाचे उत्तर' असे म्हणणारा माणूस मात्र त्या कागदापाशी पोचला नव्हता. संकरावरची पुस्तके वाचणारे संकराबद्दल वाचत होते. आनुवंशिकतेचे नियम त्यात सापडतील अशी कुणाला कल्पना नव्हती.

मेंडेलची ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढते. १९४५ च्या जुलैत व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने 'अटलांटिक' मासिकात एक लेख लिहिला. युद्धकाळात त्याच्या हाताखाली हजारो शास्त्रज्ञ काम करत होते. माणसाच्या मनासारखे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उडी मारू देणारे एक टेबल असावे, अशी कल्पना त्याने मांडली आणि त्याला 'मेमेक्स' असे नाव दिले. आज आपण लिंकवर बोट ठेवतो त्याचा हा पूर्वज, म्हणून आमच्या अभ्यासक्रमात हा लेख येतो. पण आपले म्हणणे पटवण्यासाठी बुशने उदाहरण घेतले होते ते मेंडेलचे. अख्खी पिढी ते ज्ञान जगाला नव्हते, कारण जे ते समजून पुढे नेऊ शकले असते त्या मोजक्या लोकांपर्यंत ते गेले नाही, असा त्याचा मुद्दा. इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्हाला यंत्र शिकवले, त्यातला वाटाणा गाळून.

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट. जॉन शॉ बिलिंग्ज हा अमेरिकेत सिनसिनाटी इथे डॉक्टरकी शिकत होता. १८६० मध्ये त्याने अपस्मारावरच्या शस्त्रक्रियांवर प्रबंध लिहिला. त्यासाठी आधी कुणी काय केले हे शोधताना त्याची दमछाक झाली. एकेक पुस्तक कुठे आहे ते विचारत हिंडायचे, मिळाले तर त्यात अनुक्रमणिका धड नाही, आणि हवी ती सगळी पुस्तके एका छपराखाली असलेले ग्रंथालय त्या देशात एकही नाही. पुढे तो सैन्यात सर्जन झाला, यादवी युद्धात जखमी पाहिले, आणि युद्धानंतर वॉशिंग्टनच्या सर्जन जनरलच्या कार्यालयातले छोटेसे ग्रंथालय त्याच्याकडे आले. विद्यार्थीदशेतला तो त्रास त्याने विसरला नव्हता. त्याने पुस्तके जमवलीच, पण त्याहून मोठे काम केले ते नियतकालिकांतल्या एकेका लेखाची विषयवार नोंद करण्याचे. १८७९ पासून 'इंडेक्स मेडिकस' ही सूची महिन्याच्या महिन्याला निघू लागली. मधल्या काळात पैशांअभावी ती बंद पडली, पुन्हा उभी राहिली. छापील रूपात ती २००४ पर्यंत चालू होती.

याच बिलिंग्जकडे १८८० च्या जनगणनेतल्या जन्ममृत्यूंच्या आकडेवारीचे काम होते. तिथे हर्मन होलेरिथ हा तरुण अभियंता होता. हे मोजदादीचे कंटाळवाणे काम करणारे एखादे यंत्र असायला हवे, असे बिलिंग्जने त्याला सुचवले, असे होलेरिथने स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यातून भोके पाडलेल्या कार्डांचे यंत्र निघाले आणि १८९० ची अमेरिकेची जनगणना त्यावर झाली. होलेरिथची कंपनी ज्या समूहात मिसळली त्याचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. म्हणजे वैद्यकातले पेपर शोधून दमलेल्या एका विद्यार्थ्याच्या हातून एकीकडे आजच्या पबमेडचा पाया घातला गेला आणि दुसरीकडे माझ्या पोटापाण्याचाही! पुढे १९६४ मध्ये 'इंडेक्स मेडिकस'चे काम मेडलार्स या संगणक-यंत्रणेवर गेले, तेव्हा या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या.

या सूचीमागे जे मानवी कष्ट आहेत ते आम्हा संगणकवाल्यांना पटकन दिसत नाहीत. आपण हिवताप म्हणतो, कुणी मलेरिया म्हणतो, कुणी नुसते जंतूचे नाव लिहितो. सगळ्यांना एकाच नावाखाली आणायचे तर प्रत्येक पेपर कुणीतरी उघडून पाहावा लागे आणि तो कशाबद्दल आहे हे ठरवावे लागे. १९६० पासून त्यासाठी ठरावीक शब्दांची यादीच छापली गेली आणि ती अजून वाढते आहे. हे ठरवणारी माणसे वर्षानुवर्षे दुसऱ्यांसाठी वाचत बसली. त्यांची नावे कुठेही नाहीत.

तोपर्यंत पूर आलेला होता. डेरेक डी सोला प्राइस नावाचा इंग्रज तरुण सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत असताना ग्रंथालयाच्या इमारतीचे काम चालले होते, म्हणून 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चे बांधीव खंड त्याने स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवले. दहा-दहा वर्षांचे गठ्ठे भिंतीशी ओळीने रचले तर त्यांची उंची चक्रवाढ व्याजासारखी चढत गेलेली दिसली. यावरून त्याने विज्ञानाच्या वाढीचा सिद्धान्तच मांडला. दहा ते पंधरा वर्षांत साहित्य दुप्पट होते, असे त्याचे म्हणणे. १९६३ च्या त्याच्या पुस्तकामुळे ते सर्वांना माहीत झाले. चक्रवाढीचा नेम असा, की कुठल्याही पिढीला आपणच पहिल्यांदा बुडतो आहोत असे वाटते.

या पुरात एक माणूस होडी घेऊन उतरला आणि त्याने तिकीटही लावले. यूजीन गारफिल्ड. न्यूयॉर्कचा, रसायनशास्त्राचा पदवीधर. १९५० च्या सुमारास तो जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय सूची यंत्रावर आणण्याच्या प्रकल्पात काम करत होता. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली फारच साधी होती. नव्या नियतकालिकांची अनुक्रमणिकेची पाने घ्यायची, लहान करून छापायची आणि खिशात मावेल अशी पुस्तिका आठवड्याला वर्गणीदारांना पाठवायची. 'करंट कंटेंट्स' हे तिचे नाव. सुरुवातीच्या दिवसांत न्यू जर्सीतल्या एका जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात हे काम चालायचे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाबाहेर काचेच्या फळ्यात नव्या पुस्तकांची वेष्टने लावलेली असत, आठवतात? पुस्तक हातात यायला महिना लागे, पण आले आहे हे मधल्या सुट्टीत कळे. कल्पना तीच.

त्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांचे पत्ते असत, आणि त्यामुळेच ती जगभर चालली. आपल्या संस्थेत ते जर्नल येत नसेल तर लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवायचे: आपल्या अमुक लेखाची प्रत कृपया पाठवावी. लेखकाकडे स्वतःच्या निबंधाच्या सुट्या प्रती असत, मेंडेलकडे होत्या तशाच, त्यातली एक तो टपालाने पाठवी. बहुतेक वेळा पाठवी. भारतातल्या कितीतरी जीवशास्त्रज्ञांची संशोधनाची कपाटे अशा फुकट आलेल्या प्रतींनी भरली. पोस्टाचे तिकीट एवढाच खर्च, आणि उत्तर येण्याची दोन-तीन महिने वाट.

गारफिल्डची दुसरी कल्पना खोल होती. अमेरिकेतल्या वकिलांकडे १८७३ पासून एक सूची असे. जुन्या निकालाचे नाव शोधले की त्या निकालाचा आधार पुढे कुठल्या कुठल्या खटल्यांत घेतला गेला, तो मान्य झाला की फिरवला गेला, ते कळे. गारफिल्ड म्हणाला, विज्ञानात हे का नसावे? १९५५ मध्ये त्याने 'सायन्स'मध्ये हा विचार मांडला. पेपराच्या शेवटची संदर्भयादी मागे नेते. ही सूची पुढे नेईल. वीस वर्षांपूर्वीचा एक चांगला पेपर हातात असेल तर आज त्याच्या वाटेने कोण चालले आहे ते कळेल. विषयाचे नाव बदलले, शब्द बदलले, तरी उल्लेख बदलत नाही.

लगेच कुणी उडी मारली नाही. १९५९ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांचे पत्र आले. जिवाणूंच्या अनुवंशशास्त्रासाठी आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले होते. तुमच्या त्या सूचीचे पुढे काय झाले, असे त्यांनी विचारले. त्यांच्या खटपटीने सरकारी पैसा मिळाला आणि पहिला प्रयोग झाला तो अनुवंशशास्त्राच्या साहित्यावर. मेंडेलच्याच विषयावर! १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला. १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांनी वेबपानांना क्रम लावण्याची रीत मांडली, तीही याच घराण्यातली आहे: कोण कुणाचा उल्लेख करतो ते मोजा, आणि उल्लेख करणाराच किती वजनदार आहे तेही धरा.

उल्लेख मोजण्याचा पुढे जो धंदा झाला, कुणाला नोकरी द्यायची आणि कुणाला बढती हे ज्या आकड्यांवर ठरू लागले, त्यावर मैत्रीण तासभर बोलू शकते. मी एवढेच नोंदवते, की विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक उल्लेखलेला पेपर सापेक्षतेचा नाही की डीएनएच्या रचनेचा नाही. तो १९५१ मध्ये लाउरी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला, द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याच्या पद्धतीचा आहे. प्रयोगशाळेत रोज लागणारी कृती. स्वयंपाकघरात सर्वांत तेलकट झालेले पान बहुधा साध्याच पदार्थाचे असते.

आणि १९६५ मध्ये गारफिल्डच्या संस्थेने आणखी एक सेवा सुरू केली. आपल्याला हवे ते शब्द, हवे ते लेखक आणि ज्यांचा उल्लेख झालेला हवा ते पेपर कळवायचे. संगणक दर आठवड्याला फक्त आपल्यापुरती यादी छापून पाठवणार. माझा सोमवारचा प्रोग्राम हेच करतो, फक्त टपालखर्च वाचला आहे.

भारतात याचे काय होत होते? १९५२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीला इन्सडॉक हे केंद्र निघाले. हवा तो परदेशी पेपर त्यांना कळवला की ते प्रत मिळवून देत, रशियन-जर्मनमधून भाषांतरही करून देत. १९६५ पासून भारतात छापल्या जाणाऱ्या संशोधनाची सारांश-पत्रिका त्यांनी काढली. १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय विज्ञान माहिती केंद्र काढले. संशोधकाने आपला विषय कळवायचा, संगणकाच्या टेपांवरून शोधून यादी टपालाने यायची. म्हणजे कल्पना इथेही पोचल्या होत्या. अडत होते ते पैशाशी. परदेशी जर्नलांची वर्गणी डॉलर-पौंडांत, किमती दरवर्षी चढत्या, आणि १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर तर विद्यापीठांच्या ग्रंथालयांना तीच वर्गणी एकदम जड झाली. यादीवर काट मारणे हा ग्रंथपालांचा वार्षिक कार्यक्रम होऊन बसला.

याच उतरत्या काळात आपली मैत्रीण एम.एस्सी. करत होती. विभागाच्या कपाटात जर्नलांचे खंड एका विशिष्ट वर्षी थांबत. जणू त्यानंतर डासांवर कुणी संशोधनच केले नाही. पण तोवर दुसरी एक गोष्ट घडली होती. १९७१ पासून टेलिफोनच्या तारेवरून शोधता येणारी मेडलाइन ही 'इंडेक्स मेडिकस'ची संगणकीय बहीण जून १९९७ मध्ये पबमेड या नावाने सगळ्या जगाला फुकट खुली झाली. तोवर अशा शोधाचे पैसे पडत. मैत्रीण शनिवारी एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जायची, सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजायची आणि सारांश वहीत उतरवून घ्यायची, कारण प्रिंटचे पानामागे वेगळे पैसे. ती वही तिने मला दाखवली. निळ्या शाईत सारांश आणि प्रत्येकाखाली लाल शाईत एकच शब्द: 'मिळाला' किंवा 'नाही'. 'नाही' पुष्कळ आहेत. शोधणे फुकट झाले होते, वाचणे नव्हते. एका सारांशाच्या भरवशावर पूर्ण पेपराचा संदर्भ द्यावा लागतो हे तिला तेव्हाही टोचत होते. म्हणून ती लेखकांना ईमेल करायची. पोस्टकार्डाचीच पुढची पिढी. जपानमधल्या एका प्राध्यापकांनी तिला अकरा पेपर पाठवले. ती फाइल उतरायला दोन शनिवार लागले.

'वाचायचे कुणी' या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उत्तर मला एका ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकाकडे सापडले. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वानसन, मुळात भौतिकीवाले. रेनॉ नावाचा एक विकार आहे. त्यात थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, बोटे पांढरीफटक पडतात. या विकारावरच्या पेपरांत म्हटले होते, की अशा रुग्णांचे रक्त दाट असते, त्यातल्या बिंबिका चिकटतात. दुसरीकडे माशाच्या तेलावर वेगळेच साहित्य होते. त्यात म्हटले होते, की हे तेल रक्ताचा दाटपणा आणि बिंबिकांचा चिकटपणा कमी करते. दोन्ही बाजू छापलेल्या, सूचीत नोंदलेल्या, ग्रंथालयांत उपलब्ध. पण रेनॉवाले तेलाचे वाचत नव्हते, तेलवाले रेनॉचे वाचत नव्हते, आणि कुणी कुणाचा उल्लेखही करत नव्हते. स्वानसनने स्वतः एकही प्रयोग न करता १९८६ मध्ये लिहिले, की माशाचे तेल या रुग्णांना देऊन पाहावे. १९८९ मध्ये एका वैद्यकीय चाचणीचा निष्कर्ष आला: काही रुग्णांना फायदा झाला. मधल्या काळात, १९८८ मध्ये, त्याने अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातले अकरा दुर्लक्षित दुवे याच रीतीने शोधले होते.

मला हे वाचून झोप लागली नाही. कारण गारफिल्डची सूची इथे आंधळी आहे: उल्लेखच नाही तर दुवा दिसणार कसा? माझा सोमवारचा प्रोग्रामही आंधळाच. मुलांनी 'एडिस' आणि 'कीटकनाशक' हे शब्द दिले, प्रोग्राम तेच आणतो. कापसावरच्या बोंडअळीत त्याच प्रकारचा प्रतिकार कुणी उलगडला असेल तर तो पेपर या मुलांच्या डब्यात कधीच पडणार नाही. यंत्र आपल्याला हवे ते आणून देते, आणि आपल्याला काय हवे हे आपण आधीच ठरवलेले असते. मेंडेलचा घोटाळा तोच होता. मैत्रिणीशी बोलून आम्ही आता एक वेडा बदल केला आहे. दर आठवड्याच्या यादीत तीन पेपर मुद्दाम शेजारच्या विषयांतून येतात: पिकांवरची कीड, जिवाणूंचा औषधांना प्रतिकार, कधी नुसतीच गोचीड. मुले कुरकुरतात.

मिळण्याचा प्रश्न अर्धामुर्धा सुटला आहे. खुल्या प्रकाशनाच्या चळवळीत मुंबईचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालयाचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आणि मुंबईतच निघालेली मेडनो ही प्रकाशनसंस्था यांनी वाचकाकडून पैसे न घेता जर्नले इंटरनेटवर खुली ठेवली, तेव्हा परदेशात यावर अजून परिषदा भरत होत्या. २०१३ मध्ये बायोआर्काइव्ह निघाले आणि जीवशास्त्रज्ञ छापण्याआधीचे मसुदे उघड ठेवू लागले. करोनाच्या काळात त्याचा उपयोग आणि धोका, दोन्ही आपण पाहिले. विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० मध्ये जगाला फुकट मिळाला. त्याच महिन्याच्या अखेरीस या विषाणूचे एचआयव्हीशी विलक्षण साम्य असल्याचा एक भारतीय मसुदा झळकला, शास्त्रज्ञांनी तो दोन दिवसांत फाडून काढला आणि लेखकांनी मागे घेतला. तोवर तो किती व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला होता! २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३००० जर्नले त्यात आहेत. पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. मैत्रिणीचे कॉलेज शिक्षणसंस्थेचे, त्यामुळे तिची लाल शाई अजून संपलेली नाही.

पबमेडमध्ये आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि वर्षाला दहा लाखांहून अधिक वाढतात. यावर आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सारांश काढून घ्यायची नवी सोय आली आहे. मी त्याच क्षेत्रात असल्यामुळे वर्गातले सगळे मला याबद्दल विचारतात. माझे मत थोडक्यात: ते बिलिंग्जच्या सूचीसारखे, वाट दाखवायला वापरावे. ही यंत्रे अस्तित्वात नसलेले पेपरही ठामपणे सांगतात, आणि ज्या विद्यार्थ्याने एकही पेपर शेवटपर्यंत वाचलेला नाही त्याला ते ओळखू येत नाही.

शेवटपर्यंत वाचण्याचा एक जुना मार्ग आहे, तोही गरिबीतूनच आलेला. १८७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर या तरुण डॉक्टरने 'जर्नल क्लब' काढला. परदेशी नियतकालिकांची वर्गणी एकट्याला परवडत नव्हती, म्हणून काही जणांनी मिळून ती मागवायची आणि वाचून एकमेकांना सांगायची. मैत्रिणीने गेल्या वर्षीपासून तसाच क्लब सुरू केला आहे. सोमवारच्या यादीतून मुले एकच पेपर निवडतात. नियम असा, की सारांश झाकून ठेवायचा. आधी आकृत्या आणि तक्ते बघायचे, यांवरून आपल्याला काय दिसते ते मराठीत सांगायचे, मग पद्धत वाचायची, आणि लेखकांचे म्हणणे सर्वांत शेवटी. पहिल्या सत्रात त्यांनी मेंडेलचा निबंध घेतला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर फुकट मिळते. एका मुलीने विचारले, "मॅडम, एवढे वाटाणे त्यांनी मोजले कधी?" त्यावरच पाऊण तास गेला.

क्लब शनिवारी दुपारी तीनला भरतो, बाहेरच्यांनाही मज्जाव नाही. आपल्यापैकी कुणाची मुले जीवशास्त्राकडे असतील तर मला फोन करा, मी मैत्रिणीशी गाठ घालून देते. शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंना तिने वेगळे निमंत्रण पाठवले आहे. बाई, गोचिडीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे.